कनवटी आणि खिसा

मराठी भाषेने कपड्यांची लिंगे ठरविताना मोठी गंमत करून ठेवली आहे. पुरुषाच्या डोक्यावरची पगडी स्त्रीलिंगी, त्याच्या पायांतली विजारही स्त्रीलिंगी. उलट बाईचा परकर पुल्लिंगी! आणि धोतर नि लुगडे ही दोन्ही सरळ नपुंसकलिंगी. व्याकरणाच्या तासाला हे सांगितले की मुले हसतात. पण हल्ली शहरांतल्या बड्या दुकानांत बाईने घालावेत की पुरुषाने, असा भेदच नसलेले कपडे टांगलेले दिसतात, तेव्हा मला वाटते, आपल्या भाषेला हे गुपित केव्हाच कळले होते.

पश्चिमेकडे त्याचा केवढा गाजावाजा झाला! रूडी गर्नराइख याने 1970 साली स्त्रीपुरुषांना एकसारखे कपडे चढविले. 1985 साली जाँ-पॉल गोतिए याने पुरुषांना चक्क स्कर्ट नेसविले. आमच्या आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांतून टसरचा धागा निघतो. मागावर विणल्या जाणाऱ्या त्या वस्त्राला आपण कुणाच्या अंगावर जाणार, याची काय कल्पना? शेला झाले तर त्याचे, लुगडे झाले तर तिचे. भेद कापडात नव्हता, नेसण्यात होता. आणि तोही बेताचाच. कासोटा दोघांचा, आणि पैसे खोचायची कनवटीही दोघांची.

मग शिंपी आला. त्याने पुरुषाच्या गुंड्या उजवीकडे लावल्या, बाईच्या डावीकडे. ते कशासाठी, हे त्यालाही धड सांगता येत नाही. तेही चालले असते. पण पुरुषाला त्याने चांगले तीन-चार खिसे दिले आणि बाईची कनवटी गेली ती गेलीच. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीस झगे अंगासरशी झाले, तेव्हा बायकांचे झग्याआड बांधायचे खिसे जाऊन हातात चिमुकली पिशवी आली.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र बायकांनी यावर आपला तोडगा काढला आहे. मे महिन्यात पहाटे तेंदूची पाने तोडायला निघालेल्या बाया पाहाव्यात. साडीवर नवऱ्याचा नाही तर मुलाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढविलेला असतो. काटे लागत नाहीत, ऊन लागत नाही; आणि छातीशी एक खिसा असतो. त्यात तंबाखूची डबी राहते, चिठ्ठी राहते, चार नोटा राहतात. चंद्रपूर शहरातही त्या दिवसांत डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर चाललेली व्यक्ती बाई की बुवा, हे ओळखू येत नाही. उन्हापुढे सारे सारखेच!

तरीही या शर्टाचे कौतुक करताना हात जरा आखडतो. तो तिच्यासाठी बेतलेला नसतो. त्याचा घालून जुना झालेला असतो. खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या. आणि उद्या नवऱ्याने तिचे लुगडे गुंडाळले तर सारा गाव हसेल! पुरुषाचा कपडा बाईला चढविला म्हणजे भेद मिटला, असे नव्या कारागिरांनाही पुष्कळदा वाटते. खरे कसब निराळे आहे. आपल्या जुन्या बाराबंदीला बंद असत, म्हणून ती अंगाप्रमाणे सैल किंवा घट्ट करता येई. कुडत्याच्या बगलेत चौकोनी तुकडा घातला की हात मोकळा फिरतो, मग तो कुणाचाही असो. कमरेला नाडी असली की कंबर मोजावी लागत नाही. दोघांना सामावणारा कपडा असा मुळापासून बेतावा लागतो, आणि खिसा त्यात विसरून चालत नाही.

कारण खिसा म्हणजे नुसती कापडाची पिशवी नव्हे. स्वतःजवळचा पैसा स्वतःच्या अंगावर वागविण्याची ती सोय आहे. खिसा नसला की पैसे दुसऱ्याजवळ ठेवायला द्यावे लागतात, आणि मागताना ते कशाला हवेत, हेही सांगावे लागते.

म्हणून यंदा दिवाळीचे कपडे शिवायला टाकाल, तेव्हा मुलीच्या कुडत्याला खिसा ठेवायला सांगा. तोही चांगला खोल. शिंपी विचारील, "पोरीला खिसा कशाला?" त्याला म्हणावे, "तिच्या पणजीला कनवटी होती!"