वर्ग सोडला, शिकवणं नाही : सुमित्रा भावे



आपल्या महाराष्ट्रात शिक्षक आणि सिनेमा यांचं नातं तसं जुनंच आहे. 'श्यामची आई' हा १९५३ सालचा चित्रपट, पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णपदक मिळवणारा. तो काढला आचार्य अत्रे यांनी. अत्रे मुळात शिक्षक, मुख्याध्यापक होते, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार करणारे. त्यानंतर साठेक वर्षांनी 'कासव' या मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक सुमित्रा भावे. त्याही आधी शिक्षिकाच. आज त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्यांची वाट बघितली की आपल्या कामाकडे नव्यानं बघता येतं.

सुमित्राताईंचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा, पुण्यातला. फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, मग पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून ग्रामीण कल्याणाचा अभ्यास. काही काळ दिल्लीच्या आकाशवाणीवर त्या मराठी बातम्या वाचत. आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सुमारे दहा वर्षं समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. म्हणजे अभ्यास, अध्यापन, संशोधन असं सगळं सरळ चाललेलं. त्यात कॅमेरा कुठेच नव्हता.

मग सिनेमा आला कुठून? तर संशोधनातून. वस्तीतल्या गरीब, दलित बाया स्वतःकडे कशा बघतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. बायांशी तासन् तास बोलणं, त्यांचं आयुष्य त्यांच्याच तोंडून ऐकणं, लिहून घेणं. आठ जणींच्या जीवनकथांचं इंग्रजी पुस्तकही पुढे निघालं. पण प्रश्न उरतोच ना! ज्या बाईनं आपलं काळीज उघडून सांगितलं, तिला वाचता येत नसेल तर ते पुस्तक तिच्या काय कामाचं? ते वाचणार आपल्यासारखे शिकलेले. तिच्यापर्यंत परत जायचं तर अक्षरं चालणार नाहीत, तिला दिसेल आणि ऐकू येईल असं काहीतरी पाहिजे. यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला, झोपडपट्टीतल्या एका कष्टकरी बाईचा. दिग्दर्शिकेचं वय बेचाळीस, सिनेमाचं रीतसर शिक्षण शून्य. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांचे कायमचे जोडीदार झाले आणि दोघांनी मिळून 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'नितळ', 'अस्तु' असे चित्रपट केले. विषय तरी बघा! 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'नितळ'मध्ये अंगावरचं कोड, 'अस्तु'त स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित, 'कासव'मध्ये नैराश्यानं ग्रासलेला तरुण. घरात कुजबुजत बोलायच्या या गोष्टी त्यांनी पडद्यावर मोठ्यानं, पण मायेनं मांडल्या. 'अस्तु'च्या संवादांसाठी सुमित्राताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माणसांचं बोलणं इतकी वर्षं कान देऊन ऐकलेल्या बाईला संवादाचं बक्षीस मिळावं, हे मला फार योग्य वाटतं.

आपल्यासाठी मात्र त्यांचा सगळ्यात जवळचा चित्रपट म्हणजे २००२ चा 'दहावी फ'. हुशार मुलं 'अ' तुकडीत आणि उरलेली 'फ'मध्ये. डिवचली गेलेली 'फ'ची पोरं रागाच्या भरात शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींनी रंगवलेले सर त्यांना पाठीशी घालत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. नुकसान तुम्ही केलं, आता भरून तुम्हीच काढायचं, म्हणून मुलं कष्ट करून पैसे उभे करतात. तुकडीचं अक्षर कपाळावर बसलं की मूल तसंच वागायला लागतं, हे आपण रोज बघतो.

मी ढाणकीत शिकवतो. आमच्या उमरखेड तालुक्यात बहुतेक घरं शेतीवर आणि मजुरीवर चालतात. मी वर्गात 'दहावी फ' दाखवला तेव्हा एका पालकांनी रस्त्यातच गाठलं. "सर, शाळेत आता पिक्चर दाखवून राहिले का? अभ्यास कधी घेता?" मी म्हटलं, दादा, हाच अभ्यास आहे. ते हसले, पण पटलं नसावं.

चित्रपटानंतर मी मुलांना एकच गृहपाठ दिला. घरी जाऊन आईला विचारा, तुझा कालचा दिवस कसा गेला? मध्ये बोलू नका, ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहा. एरवी चार ओळींवर न जाणाऱ्या एका मुलानं अडीच पानं आणली. पहाटेचं पाणी, भाकरी, कापूस वेचणी, संध्याकाळी वजनकाट्यापुढची रांग. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, पण खोटं एक वाक्य नाही. दोन दिवसांनी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, माह्याबद्दल लिहिलं म्हणते पोरगा. मले वाचता येत नाही. वाचून दाखवा ना." मुलानंच वाचून दाखवलं. एके ठिकाणी तिनं त्याला थांबवलं, "तसं नाही म्हटलं मी," आणि त्यानं तिथंच खोडून नीट केलं.

मला वाटतं, सुमित्राताईंच्या सगळ्या कामाचं सार यात आहे. आपण शिक्षक माहिती गोळा करण्यात पटाईत असतो. सर्वेक्षणं करा, रकाने भरा, वर पाठवा. माहिती वर जाते. ज्यांची असते त्यांच्याकडे ती क्वचितच परत येते. सुमित्राताईंनी ती परत नेली, आणि त्यासाठी चाळिशी उलटल्यावर एक नवी भाषा शिकल्या.

१९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्याच महिन्यात त्यांचा 'दिठी' लोकांसमोर आला, तरुण मुलगा गमावलेल्या एका वारकऱ्याची गोष्ट.

पालकांना एकच विनंती. मूल वही घेऊन काही विचारायला बसलं, तर "जा, अभ्यास कर" म्हणू नका. पाच मिनिटं बसा, सांगा. आणि शिक्षकांनो, मुलं जे लिहून आणतील त्यावर लाल शाईनं फक्त बरोबरची खूण करून ते कपाटात ठेवू नका. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला ते एकदा वाचून दाखवलं जाईल एवढं बघा.