शंखाच्या पोटातलं आयडी कार्ड

सोमवारी आमच्या ऑफिसात कुणी ना कुणी कोकणातून परतलेलं असतंच. सोबत मूठभर शंख-शिंपलेही आलेले असतात. मला त्यांचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ते थेट माझ्या टेबलवर! "सांग, हे काय आहे?"

सुरुवातीचा फंडा सोपा आहे. दोन झाकणांची जोडी असेल तर शिंपला, एकसंध वेटोळं असेल तर गोगलगायीच्या जातभाईचा शंख. शिंपल्याला सुबक गोल भोक दिसलं तर 'फुटका' म्हणून फेकू नका. बहुतेक वेळा ते मून स्नेल नावाच्या शिकारी गोगलगायीनं पोखरलेलं असतं. आतला जीव तिनं फस्त केला, पुरावा मागे राहिला.

खरी गंमत दुकानातल्या शंखांची. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलात, की बहुतेक शंख उजवीकडे उघडतात. देवघरातला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, तोही तसाच. त्यातला एखादाच डावीकडे उघडणारा निघतो. पूजेत टोक खाली धरतात, म्हणून तोच 'दक्षिणावर्ती' ठरतो. दुर्मीळ, त्यामुळे महाग.

पण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क राहतो. तो सहसा डावखुराच असतो, तिकडे त्याचं कुणाला फारसं अप्रूप नाही. आपल्याकडे मात्र तोही दक्षिणावर्ती म्हणून विकला जातो. फरक पोटात आहे. अस्सल शंखाच्या तोंडातून आत बोट फिरवलं, तर मधल्या खांबावर तीन-चार ठसठशीत घड्या लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत.

मागच्या महिन्यात एक कलीग आईच्या देवघरातला शंख घेऊन आला. तीर्थक्षेत्रातल्या दुकानातून घेतलेला, चांगला घसघशीत पैसे मोजून. मी बोट फिरवलं. गुळगुळीत!

"मग आईला काय सांगू?" त्याचा चेहराच उतरला.

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकू रोज सकाळी त्या शंखाला आंघोळ घालतात, फूल वाहतात. व्हेल्क ठरल्यानं त्यांची पूजा खोटी होते, असं मला तरी वाटत नाही. पण त्यांना आता धाकट्या मुलीच्या नव्या घरासाठी तस्साच दुसरा शंख घ्यायचा होता. मग सांगणं भागच होतं. तो म्हणाला, "तूच ये ना घरी." येत्या रविवारी जातेय. काकूंना आधी घड्यांचा साधा शंख हातात देईन, मग त्यांचा. बोट त्यांनीच फिरवावं.