काळी फट

आज एक्स-रे पुन्हा खिडकीशी धरून पाहिला. नडगीचा माथा चिरलेला, तिथे आता प्लेट आणि स्क्रू. हाड छान जुळलंय. तरी जिना उतरताना गुडघा मधेच निसटतो आणि पोटात धस्स होतं.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये फिल्मवर नुसती काळी फट दिसते. कितीतरी दिवस मी तिला रिकामी समजत होते. तिथे चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, फुलीसारखे दोन अस्थिबंध असतात. एक्स-रेला त्यातलं काहीच दिसत नाही. पडले तेव्हा गुडघा इतका सुजला होता की हात लावू देत नव्हते. हाड बसवल्यावर, भुलीतच अस्थिबंध तपासता येतात म्हणे. माझ्या वेळी ते राहून गेलं.

प्लेटमुळे एमआरआय थोडा धूसर आला, तरी बाहेरची गादी कडेला फाटलेली दिसली. कडेला रक्त पोचतं, म्हणून टाके घालून बघता येईल, असं नवे डॉक्टर म्हणाले. मग गुडघा जरासा वाकवून, डोळे मिटून त्यांनी नडगी हलकेच पुढे ओढली. हातांनी ऐकत असल्यासारखं. "हा बंध घट्ट आहे." मला रडूच आलं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

फिल्म खिडकीतच टेकवून ठेवलीय. संध्याकाळचं ऊन हाडांतून आत येतंय, फटीतून नाही.