बिनकामाची सायकल

जानेवारीत गावी गेलो होतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वर्षातनं चार-पाच वेळा जातोच. या वेळी सायकलनं गेलो, एवढंच.

दाराशी सायकल टेकवली, हेल्मेट काढलं. आई आधी माझ्याकडे आणि मग सायकलीकडे बघत राहिली. चहापाणी नंतर. पहिला प्रश्न, "येष्टीला पैसं नव्हतं व्हय रं?"

तासाभरात निम्मी वस्ती डोकावून गेली. कुणी विचारलं नोकरी गेली का, कुणी विचारलं शुगर निघाली का. तेव्हा जे नातेवाईक हे वाचतील त्यांच्यासाठी एकदाच सांगून टाकतो: नोकरी शाबूत आहे, चारचाकी विकलेली नाही आणि डॉक्टरांनीही काही सांगितलेलं नाही. मला सायकल चालवायला आवडतं म्हणून चालवतो. छंद आहे.

"छंद?" अण्णा म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वहीतला चुकलेला शब्द ते याच आवाजात वाचून दाखवायचे.

आता थोडं प्रवासाबद्दल. मी राहतो देहूरोडच्या बाजूला. पहाटे चारला तिथल्या बुद्धविहाराच्या बंद फाटकासमोर हात जोडले आणि निघालो. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः इथं बुद्धमूर्ती बसवली. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते आणि मग माळशिरस. आमचं गाव तिथून आणखी आत. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांच्या ज्या ब्रेव्हे असतात, त्यात दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास देतात. मला पंधरा लागले. पण वाटेत तीनदा मिसळ खाल्ली, ते धरायला नको का?

पुण्यापासून पुढचा रस्ता म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीचाच. आता चौपदरी होऊन तो पालखी महामार्ग झालाय. चहाच्या प्रत्येक टपरीवर एकच प्रश्न, "पंढरपूरला का?" हल्ली पुण्या-नाशकाकडून सायकल वाऱ्या निघतात, त्यामुळे त्यांचं चूक नाही. मी म्हणायचो, "नाही, माळशिरसपर्यंतच." मग त्यांना वाईट वाटायचं. पन्नासेक किलोमीटरच तर राहतात, जाऊन या की!

आमच्या घरात पंढरपूर हा विषय साधा नाही. रमाईला पंढरपूरला जायची फार इच्छा होती, आणि जिथं आपल्याला बाहेरूनच हात जोडावे लागतात तिथं कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी उभी करू, अशा अर्थाचं बाबासाहेब तिला म्हणाले होते, ही गोष्ट आम्ही आजीकडून शंभरदा ऐकलेली. रमाई १९३५ ला गेली. ते देऊळ आपल्या लोकांना उघडलं १९४७ ला, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आणि पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्धच आहे हे आपण सिद्ध करून दाखवू, असं बाबासाहेब म्हणाले ते देहूरोडच्याच त्या कार्यक्रमात. त्यानंतर दोनच वर्षांनी ते गेले. मी ज्या फाटकापासून निघालो ते आणि ज्या रस्त्यावर सायकल मारत होतो तो, असे एकमेकांना जोडलेले आहेत. हे माझ्या लक्षात आलं ते फलटणच्या पुढं, मांड्या भरून आल्यावर. सायकलवर डोक्याला दुसरं कामच नसतं ना.

असो. मुद्दा छंदाचा होता.

रात्री जेवताना अण्णांशी वाद झाला. वाद म्हणजे काय, ते बोलले आणि मी ऐकलं. त्यांचं म्हणणं असं की छंद ही वेळ उरलेल्यांची गोष्ट. आपल्या माणसांनी आधी शिकावं, दुसऱ्याला शिकवावं, विहारात यावं, मुलांचे वर्ग घ्यावेत. मी म्हटलं, "अण्णा, बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं की." मला वाटलं, जिंकलो. अण्णा म्हणाले, "त्यांनी व्हायोलिनच्या आधी काय काय करून ठेवलं, ते बघ. तेवढं कर आणि मग खुशाल सायकल फिरव."

आईला मोबाईलवर फोटो दाखवले. २०१६ साली हिमालयातल्या द्रुक्पा परंपरेच्या पाचेकशे भिक्खुणींनी काठमांडूपासून लेहपर्यंत सायकली चालवल्या, चारेक हजार किलोमीटर. मुलींच्या होणाऱ्या विक्रीविरुद्ध लोकांना जागं करायला. आईनं चष्मा लावून निरखून बघितलं. म्हणाली, "ह्या काय तरी कामासाठी निघाल्यात. तू कशासाठी?"

खरंच, कशासाठी?

यासाठी अण्णांच्या सायकलीबद्दल सांगायला हवं.

अण्णा १९५२ चे. १९५६ च्या दसऱ्याला आजोबांना नागपूरला जाता आलं नाही, गाडीभाड्याचे पैसे नव्हते. आमच्या घरांनी दीक्षा घेतली ती पुढच्या वर्षी. १९७२ च्या दुष्काळात अण्णांनी घरच्यांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पुढं शिकले, १९७५ ला प्राथमिक शाळेत मास्तर झाले, आणि पहिल्या पगारातून सेकंडहँड अ‍ॅटलस घेतली. काळी, बावीस इंची, मागं कॅरियर, पुढं डायनॅमोचा दिवा. शाळा सात किलोमीटरवर. आणि वाट कोणती? तर ज्याची खडी फोडली होती, तोच रस्ता.

मी सहा-सात वर्षांचा असताना दांडीवर बसून त्यांच्याबरोबर शाळेत जायचो. वस्तीतून निघालं की चावडीचं वळण लागतं. तिथं पिंपळाचा पार, समोर मोठा वाडा. त्या वळणाच्या अलीकडे अण्णा रोज उतरायचे. मला दांडीवरच ठेवून सायकल हातात धरून दोनशेक पावलं चालायचे, मग पुन्हा टांग टाकायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "इथं चेन उतरते."

मी ते मानलं. मास्तरच ते, आणि वर माझे वडील.

चेन कशी लावायची हे त्यांनीच मला शिकवलं होतं. फार ताणली तर सायकल जड चालते, फार सैल ठेवली तर उतरते. सांगताना ते सोण भिक्खूची गोष्ट सांगायचे. चालून चालून त्याच्या तळपायातून रक्त आलं, तेव्हा बुद्धांनी त्याला विचारलं की तू वीणा वाजवायचास, तर तारा कशा ठेवायचास? मध्यम मार्ग मी चेनवरच शिकलो. त्यामुळे मला वाटलं, अण्णांना एवढं कळतं, पण वेळ मिळत नसेल. एका रविवारी मीच सायकल ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली आणि म्हटलं, "चेन आवळून द्या." त्यानं पायडल फिरवून बघितलं. म्हणाला, "चेनीला काय झालंय? मस्त आहे की."

सोमवारी अण्णा पुन्हा त्याच जागी उतरले.

खरं काय ते आत्यानं सांगितलं, मी बारावीत असताना. सायकल घेतली त्याच आठवड्यात पारावरून कुणीतरी काहीतरी बोललं होतं. काय ते तिनं सांगितलं नाही, आणि नावही नाही. अण्णा चिडून घरी आले. आजोबा त्यांना म्हणाले, "दोनशे पावलं चालल्यानं माणूस मरत नाही. आपली घरं गावाच्या टोकाला हायती." तीन वर्षांनी, १९७८ ला, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं जळाली. मराठवाडा आमच्या जिल्ह्याला लागूनच. त्यानंतर आजोबांना समजावणार कोण?

दर चौदा एप्रिलला अण्णा विहारासमोर उभं राहून भाषण करायचे. कुणापुढं वाकू नका म्हणायचे. आणि पंधरा तारखेला सकाळी वळणावर सायकलवरून उतरायचे. हे समजलं तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन महिने मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. ती दोनशे पावलं ते रोज दोनदा माझ्यासाठी चालत होते, हे समजायला मला स्वतःला मूल व्हावं लागलं.

१९९१ ला, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अण्णांनी लुना घेतली. लुना ढकलत कोण नेणार? पहिल्याच दिवशी ते वळणावरून तसेच गेले. कुणी काही बोललं नाही. काळ बदलला होता, की लुनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, कोण जाणे. अ‍ॅटलस मग गोठ्याच्या भिंतीला लागली ती लागलीच. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. ते नुसतं "हं" म्हणाले.

म्हणजे हिशेब असा, की त्या वळणावरून अण्णा सायकलवर बसून कधीच गेलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. अण्णा अंगणात माझ्या सायकलीभोवती दोनदा फिरले. गिअर मोजले. चेन बोटानं वर-खाली करून बघितली. म्हणाले, "बरी ठेवलीयस." आणि मग, "आण इकडं. सीट खाली घे."

आई ओरडलीच. त्र्याहत्तर वर्षं वय, डोक्याला मफलर. पण टांग बरोबर पडली. मी मागून जवळजवळ पळतच होतो. वस्ती संपली, वळण आलं. पार तसाच आहे, वाड्याची पुढची भिंत पडलीय, चावडीजवळ दोन पोरं मोबाईल बघत बसली होती. त्यातल्या एकानं "नमस्कार गुरुजी" म्हटलं.

अण्णा नेमके त्याच जागी उतरले.

मी धापा टाकत पोचलो. काय बोलावं कळेना. विचारलं, "चेन?"

माझ्याकडे बघून हसले. "नाही रे. दम लागला."

लागलाही असेल. त्या वयात लागतोच. मी पुढं विचारलं नाही.

मग त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बस. तू बसून जा. मी चालत येतो."

मी बसलो. सगळ्यात हलक्या गिअरवर टाकून, पडणार नाही इतकीच हळू सायकल चालवत राहिलो. बाजूनं अण्णा हात मागं बांधून चालत होते. दोनशे पावलं. रस्ता संपून पुढचा सरळ पट्टा लागला तेव्हा म्हणाले, "जा आता, फिरून ये. उसातनं कालव्यापर्यंत चांगला रस्ता झालाय."

"काही आणायचंय का तिकडून?" मी सवयीनं विचारलं.

"काही नको. नुसता फिरून ये."

आईच्या प्रश्नाला यापेक्षा नीट उत्तर मला अजून सुचलेलं नाही.