पिशवीतले पुस्तक, फांदीवरचा पक्षी

पक्षी पाहायला जाताना कोणते पुस्तक बरोबर घ्यावे, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस केवळ वजनाचा वाटत असे. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचा, भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा 1998 चा जाडजूड ग्रंथ आमच्या संग्रही होता. तो खांद्यावर घेऊन रान तुडवणे अशक्य. म्हणून तो मुक्कामी ठेवून आम्ही जात असू आणि रात्री दिव्याखाली ओळख पटवीत असू.

गोव्यात मोलेच्या जंगलात ही पद्धत अंगाशी आली. सकाळी सोनेरी पाठीचा एक सुतार पक्षी चांगला दोन मिनिटे दिसला. रात्री ग्रंथ उघडला तर त्यात तसे दोन सुतार. एकाच्या मानेची मागची बाजू पांढरी, दुसऱ्याची काळी. एकाची गालावरची काळी रेघ दुभंगलेली, दुसऱ्याची एकेरी. आमच्यापैकी एकाने ‘पांढरी’ म्हटले आणि पाहता पाहता सर्वांनाच पांढरी मान आठवू लागली. ती झाडावर पाहिली होती की चित्रात, हे कोणालाच सांगता येईना. कवितेआधी समीक्षा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही वर्गात जे सुनावतो, ते सारे त्या रात्री आमच्यावरच उलटले.

तेव्हा हाताशी राहील असे पुस्तक हवे, हे ठरले. सालिम अलींचे 1941 चे पुस्तक आम्हांला गद्यासाठी प्रिय. पण त्यात सगळ्या जाती नाहीत. रासमुसेन आणि अँडरटन यांचे 2005 चे दोन खंड घरच्या अभ्यासाचे. शिवाय सदाहरित जंगलात निखार, कोतवाल, सातभाई असा मिश्र थवा एकदम येतो आणि क्षणात निघून जातो. चित्र एका पानावर आणि वर्णन शंभर पानांपलीकडे असले, तर हाती काही लागत नाही. शेवटी क्रिस काझ्मेर्चाक यांचे 2000 सालचे पुस्तक निवडले. चित्रे लहान आहेत. पण समोरच्याच पानावर वर्णन आणि नकाशा असल्याने हिमालयातले पक्षी तत्काळ बाद होतात.

एक उणीव मात्र उरली. दाट पानोळ्यात पक्षी दिसतो थोडा, ऐकू येतो फार. जो पावशा आपल्याकडे ‘पेरते व्हा’ म्हणतो, त्याच्याच ओरडण्यात इंग्रजी कानाला मेंदूज्वराचे नाव ऐकू आले. एकाला पेरणी आठवली, दुसऱ्याला ताप. परक्या डोळ्यांप्रमाणे परका कानही पुस्तकाबरोबर आपण उसना घेतो, हे तेव्हा उमगले. म्हणून मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घरी उघडून त्यातली मराठी नावे आम्ही समासात पेन्सिलीने लिहिली. पावसाच्या ओलीने काही पुसट झाली. ती पुन्हा लिहिली.

आज खिशातला फोन आवाज ऐकून नाव सांगतो. आमचा नियम मात्र मोलेपासून बदललेला नाही: आधी पाहिलेले, ऐकलेले वहीत आपल्या शब्दांत उतरवायचे, मग पुस्तक उघडायचे. त्या सुताराच्या नोंदीपुढे अजून प्रश्नचिन्हच आहे. ते आम्ही खोडलेले नाही.