कान्हेरीचा उतार

मैत्रिणींनो, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मुलांना घेऊन तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. पण तिथून सायकलवर कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत कितीजणी गेल्या आहेत? मी पस्तिशी ओलांडल्यावर गेले आणि पहिल्याच खेपेला पडले. ती हकीकत तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

दरवाज्यापासून लेणी सुमारे ६-७ किलोमीटर. सायकली भाड्यानं मिळतात. सुरुवातीचा रस्ता सोपा, गर्द झाडीतला. शेवटी मात्र चांगलाच चढ. तिथं आम्ही मायलेकी सरळ उतरलो आणि सायकली ढकलत नेल्या. वर काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी आहेत. जागोजागी पाण्याची टाकी, बसायला ओटे आणि चढण्या-उतरण्यासाठी खडकातच खोदलेल्या पायऱ्या. म्हणजे त्या भिक्षूंनी खाली यायची सोय आधीच करून ठेवली होती. मी केली नव्हती!

परतताना पॅडल मारावंच लागेना. वारा कानात शिरत होता, वेग वाढत होता आणि मला गंमत वाटत होती. एका वळणावर माकड आडवं आलं. मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक अडलं आणि मी हँडलवरून पुढे! कोपर, गुडघे सोलवटले. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून निभावलं. पण काळजात धस्स झालं ते मागे वळून पाहिल्यावर. माझी दहा वर्षांची लेक माझ्यावर आदळू नये म्हणून रस्त्याकडेच्या गवतात घुसली होती. तिला खरचटलंही नव्हतं, पण रडू आवरत नव्हतं.

घरी 'हे' म्हणाले, "पुरे झाली आता सायकल." लेक काहीच बोलली नाही, तेच मला लागलं. शाळेत मुलांना 'पडलात तरी पुन्हा उठा' सांगणारी बाई मी! आमच्या गल्लीतले सायकल दुरुस्त करणारे काका मात्र हसून म्हणाले, "ताई, तुम्हाला चालवायला येतं, थांबायला येत नाही."

मग त्यांनी एका लहानशा उतारावर आम्हा दोघींना शिकवलं. आधी कोणत्या हाताला कोणता ब्रेक ते पाहायचं. दोन्ही ब्रेक एकदम, पण हलक्या हातानं दाबायचे. नुसता पुढचा आवळला तर अंगाचा भार पुढे जाऊन मागचं चाक उचललं जातं. नुसता मागचा आवळला तर ते घसरतं. ब्रेक दाबताना कंबर सीटवर मागे सरकवायची, हात ताठ ठेवायचे नाहीत. वेग वळणात शिरायच्या आधी कमी करायचा, वळणात नव्हे. वाळलेली पानं, रेती किंवा शेवाळ दिसलं की त्यावर ब्रेक आवळायचा नाही. पावसात चाकाची कड ओली असते, त्यामुळे ब्रेक उशिरा लागतो. म्हणून दाबायला लवकर सुरुवात करायची.

परदेशात मुलं चाकांच्या फळीवर उभं राहून डोंगरउतारावरून येतात. माउंटन बोर्ड म्हणतात तिला. पुष्कळदा तिला ब्रेकच नसतो. ती मुलं फळी वळवून चढाकडे नेतात, म्हणजे वेग आपोआप मरतो. पण तेही ती आधी लहान उतारावर, खाली मोकळी सपाट जागा पाहूनच शिकतात. आपल्या हाताशी तर दोन-दोन ब्रेक आहेत.

महिनाभरानं आम्ही पुन्हा कान्हेरीला गेलो. या खेपेला दोघींत भरपूर अंतर ठेवलं. त्याच वळणाआधी मी वेग कमी केला, पलीकडे जाऊन कडेला थांबले आणि वळून पाहिलं. लेक सावकाश आली, माझ्याजवळ पाय टेकून म्हणाली, "आई, आज तू नीट थांबलीस!" इतकी शाबासकी मला बी. ए. झाले तेव्हाही मिळाली नव्हती.

तुम्ही जाल तेव्हा सोमवार टाळा, त्या दिवशी पार्क बंद असतं. सायकल कुठपर्यंत नेता येते आणि परतायची वेळ कोणती, ते दाराशीच विचारून घ्या. सायकल हाती आली की आधी जागेवरच दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ढिले असतील तर दुसरी मागा, संकोच नको. ओढणी कमरेला घट्ट बांधा, पदर खोचा. आणि चढाला लागण्यापूर्वी दरवाज्याजवळच चार-पाच वेळा थांबून पाहा. मुलं सोबत असतील तर त्यांनाही थांबायला लावा.