मोशेचा मान्ना आणि आमचा दुधी

चाळिशी उलटल्यावर माणसाला एक गोष्ट फुकट आणि भरपूर मिळते : आहाराचा सल्ला. माझ्या रक्तात साखर निघाल्याची बातमी शाखेत पसरली (आमच्याकडे नोटा मोजायला वेळ लागतो, बातमीला नाही) आणि टेबलागणिक एकेक पंथ उभा राहिला. कुणी मेथीदाण्यांचा, कुणी कारल्याच्या रसाचा. आमचे ख्रिस्ती हेडकॅशियर तेवढे गप्प होते.

"तुमच्यात काय हो सांगितलंय खाण्याबद्दल?" मी विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठी बायबलच आणून हातात ठेवले.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हा ग्रंथ फार जवळचा वाटावा. 'लेवीय' पुस्तकाचा अकरावा अध्याय घ्या. प्राण्याचे खूर दुभंगलेले हवेत आणि तो रवंथही करणारा हवा. उंट रवंथ करतो, पण खुरात नापास; डुकराचे खूर बरोबर, पण रवंथ नाही. थोडक्यात, दोन सह्यांचे खाते! एकच सही असेल तर चेक परत. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणजे कोळंबी आणि खेकडा बाद. काही जातींचे टोळ मात्र चालतात! पुढे नव्या करारात हे बंधन सुटले, म्हणूनच हेडकॅशियरांच्या डब्यात कोळंबी असते.

रानात मोशेच्या लोकांना रोज मान्ना मिळे, माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर. शिल्लक पुढच्या दिवसावर ओढायची नाही. ओढली की किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा दिवस सुट्टीचा! तरी लोक कुरकुरलेच. त्यांना मिसर देशातली काकडी, कलिंगड, कांदा, लसूण आठवू लागली. रोज तेच ते खाणाऱ्यांचे दुःख मला दुधीच्या तिसऱ्या दिवशी कळले.

बाबेलात दानीएलाने राजाच्या पंक्तीतले पक्वान्न नाकारले आणि दहा दिवस शाकान्न व पाणी घेऊन तो इतरांपेक्षा तजेलदार दिसला. यहेज्केलाची भाकरी तर आपल्या भाजणीची मावसबहीणच : गहू, जव, कडधान्ये, बाजरीसारखे धान्य, सगळे एकत्र, आणि शेवटी भाजायला शेणाच्या गोवऱ्या. अमेरिकेत आज त्याच्या नावाचा पाव पौष्टिक म्हणून विकतात. मुळात ते वेढ्यातल्या उपासमारीचे रेशन होते : दिवसाला वीस शेकेल, म्हणजे जेमतेम पाव किलो.

पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. ही ओळ तेवढी मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवली.

"त्याचं पोट बिघडलं होतं. तुमचं सुटलंय," ती म्हणाली.

'नीतिसूत्रे' मध खा म्हणतात, पण बेताने. पोटाबाहेर खाल्लात तर ओकाल, असेही बजावतात. त्यातच पंधराव्या अध्यायात एक हिशेब आहे : द्वेषाच्या घरी पोसलेल्या बैलाच्या मेजवानीपेक्षा प्रेमाच्या घरची साधी भाजी बरी.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की रिपोर्ट आल्यापासून घरात श्रीखंड झालेले नाही. साखर माझ्या रक्तात आहे. श्रीखंड आवडते तिला. तिच्याही ताटात दुधीच होता, आणि त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

मी आणखी थोडी भाजी वाढून घेतली. बेतानेच.